डोकं ठिकाणावर

मृत्युपत्रात बाबांनी राहतं घर धाकट्या लेकीला दिलं आणि थोरल्या मुलाला फक्त रस्त्याकडचा गाळा. थोरला भडकला. "सही केली तेव्हा बाबांचं डोकं फिरलं होतं," म्हणत तो कोर्टात गेला. मृत्युपत्र रद्द झालं की निम्मं घर आपलं, असा त्याचा होरा.

साक्षीला त्याने अख्खी गल्ली उभी केली. बाबा आरशातल्या माणसाला चहा विचारायचे, असं शेजाऱ्याने सांगितलं. स्वतःच्याच दाराची बेल वाजवून "मालक आहेत का?" म्हणायचे, असं न्हाव्याने सांगितलं. बहिणीने मात्र कुणाचंच म्हणणं खोडलं नाही.

मृत्युपत्र रद्द झालं. थोरला मिशीला पीळ देत बाहेर आला, तर बाबांचे वकील व्हरांड्यातच उभे होते.

"आता त्याआधीचं मृत्युपत्र लागू होईल," ते म्हणाले. "बरंच जुनं आहे. तेव्हा बाबा अगदी ठणठणीत होते. घर, गाळा, सगळं ताईंना."

थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि मला?"

बहिणीने पर्स खांद्याला अडकवली.

"दादा, तुलाही काहीतरी द्यावं असं बाबांना वाटलं, ते डोकं फिरल्यावरच."