बाटलीतला बाप

"घरी जायच्या दिवसापर्यंत बापाने बाळ उचललं नाही, तर मायेचा फवारा घ्यावाच लागतो. कायदा आहे," असं म्हणत सिस्टरांनी धनपालच्या नाकाशी बाटली धरली. बाटलीवर मुठीएवढ्या माकडाचं चित्र होतं.

"आमच्यात बारशाआधी बाप बाळाला शिवत नाही," धनपालची आई म्हणाली. "आणि माकडाचं औषध माझ्या लेकाच्या नाकात जायचं नाही."

"घेतो ना आई, दोन थेंबांनी काय होतंय?" धनपाल म्हणाला. हात न हलवता माया येत असेल तर कुठला पुरुष सोडेल? सगळीकडे हेच चाललं होतं.

"बाजूला करा ती बाटली," खाटेवरून त्याची बाळंतीण बायको रेवती कडाडली. हा फवारा जिथे तयार झाला, त्या प्रयोगशाळेत तिने वर्षानुवर्षं ती माकडं सांभाळली होती. "बाटलीवरच्या त्या नराला कुणी फवारा मारला नव्हता, धनपाल. तो पिल्लू पाठीवर घेऊन हिंडायचा, म्हणून त्याच्या रक्तात मायेचं हार्मोन वाढायचं. तुम्हा पुरुषांना पिल्लू उचलायचं नसतं, म्हणून आम्ही ते बाटलीत भरलं. माझ्या पोरीला बाटलीतला बाप नको."

धनपाल ओशाळला. आईची नजर चुकवून त्याने पाळण्यात हात घातले आणि पोरीला कसंबसं उचललं.

"अरे मेल्या, मान धर तिची!" आई ओरडली आणि स्वतःच त्याचा हात नीट लावून दिला.

थोड्या वेळाने पोर भुकेने रडू लागली. रेवतीने हात पुढे केले.

"देतो," धनपाल म्हणाला, "पण दूध पिऊन झालं की लगेच माझ्याकडे."