बिनआवाजाचा कॉम्प्युटर

“कानावर भिस्त ठेवू नकोस गं. बोट टेकव. घरघर आधी बोटाला कळते, मग कानाला.”

आईचं हे वाक्य लेकीला लहानपणापासून पाठ होतं. तेव्हा पुढच्या खोलीत आईचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. लेक टेबलाखाली बसून मोठ्यानं धडे वाचायची आणि वर कुणाचा तरी रेडिओ आधी खोकायचा, मग शिंकायचा आणि शेवटी एकदाचा गळा मोकळा करून गाऊ लागायचा.

ते दुकान केव्हाच बंद झालं. टेबल मात्र अजून तिथंच होतं, आणि आज त्याच्यावर लेकीचा कॉम्प्युटर होता. बरीच वर्षं परगावी काढून ती नुकतीच घरी परतली होती.

“दुसऱ्यांदा परत आलं,” लेक खोलीत येता येता म्हणाली. आई कपाट आवरत होती. तिनं मान वळवली नाही.

“आई, मी काय म्हणते?” लेक तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“मागून काय पुटपुटतेस? माणसासारखं समोर येऊन बोलावं.”

लेकीला हसू आलं. वय वाढलं तशी आईची शिस्तही वाढत चालली होती. स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ द्यायची नाही. फोन वाजला तर उचलायची नाही. “तूच घे, तुझाच असेल,” म्हणायची.

लेक समोर बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली. ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या एका संस्थेसाठी तिला एक कादंबरी वाचायची होती. आयुष्यातलं पहिलं पुस्तक. नमुन्याचं प्रकरण तिनं दोनदा रेकॉर्ड करून पाठवलं आणि संपादकबाईंनी दोन्ही वेळा परत केलं. वर टोमणाही मारला, ‘आवाज गोड आहे, पण मागे गिरणी चालू आहे. आधी दळण आटपा, मग वाचा.’ आता एकच संधी उरली होती. तीही हुकली तर पुस्तक दुसरीकडे जाणार होतं.

“एवढंच ना?” आईनं पदर खोचला. “लाव बघू तो.”

कॉम्प्युटर सुरू झाला. आईनं दोन्ही तळवे त्याच्या पेटीवर ठेवले आणि डोळे मिटले. दुखणाईताच्या कपाळावर ठेवावेत तसे.

“हा बारका पंखा थरथरतोय. आणि खाली काहीतरी भिंगरीसारखं फिरतंय.”

“डिस्क आहे ती.”

आईचे डोळे अजून मिटलेलेच होते. ते उघडल्यावर तिनं विचारलं, “काय आहे खाली?”

“डिस्क, डिस्क!”

“मग काढ ती. आणि तो पंखाही काढ.”

दुसऱ्या दिवशी दोघी बाजारातून सामान घेऊन आल्या. आत काहीच फिरत नाही अशी डिस्क, ताटलीएवढा पंखा, उष्णता ओढून घेणाऱ्या पात्यांचा ठोकळा आणि मूठभर रबरी चकत्या. आईनं प्रत्येक स्क्रूखाली एक चकती घातली आणि प्रत्येक स्क्रू हलक्या हातानं आवळला.

“बारक्या पंख्याला धावत सुटावं लागतं. मोठा संथपणे तेवढीच हवा देतो. तुझ्या बाबांसारखा. आळशी, पण कामाचा.”

“बाबांच्या घोरण्याला तेवढी चकती लावायची राहिली!”

आई क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. बाबा जाऊनही आता बराच काळ लोटला होता.

लेकीनं बटण दाबलं. पेटीला कान लावला. काहीच ऐकू येईना.

“आई, चालू झालाय का हा?”

आईनं दोन बोटं टेकवली. “झालाय की.”

लेकीनं तिला मिठीच मारली. मग समोर होऊन म्हणाली, “पहिली ऐकणारी तू. तुला ऐकवल्याशिवाय पाठवायचीच नाही मी. वचन!”

आई पेचकस फडक्यानं पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत राहिली.

“त्यांनाच पाठव आधी. मला मेलीला काय कळतंय त्यातलं?”

“अंहं. वचन म्हणजे वचन.”

दुपारी खिडक्या लावून लेकीनं प्रकरण वाचलं. हेडफोन लावून तपासलं. घरघर नाही, खरखर नाही. तिचा आवाज तेवढा होता, आणि भोवती स्वच्छ शांतता.

तिनं हेडफोन आईच्या कानांवर चढवला, प्रकरण सुरुवातीपासून लावलं आणि चहा टाकायला आत गेली. आपलंच वाचन कुणी ऐकताना समोर बसायचं म्हणजे तिला कसंतरीच व्हायचं. आधण उकळेपर्यंत तिनं तीनदा डोकावून पाहिलं. आई खुर्चीत मागे रेलून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ उसळत होती, बसत होती. आईची मान तिच्याबरोबर डोलत होती. रेघ बारीक झाली तशी आई पुढे झुकली. तिचे डोळे भरून आले होते.

लेक कप घेऊन बाहेर आली. तिला पाहताच आई म्हणाली, “इथं किती हळू केलास गं आवाज! काळजात हललं बघ.”

लेकीचा जीव भांड्यात पडला. कप ठेवायला ती टेबलाशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली. हेडफोनच्या वायरचं टोक कॉम्प्युटरमधून निघून टेबलावर मोकळं पडलं होतं. आई हिरव्या रेघेबरोबर अजून मान डोलावत होती.

लेकीनं ते टोक तसंच राहू दिलं. उठून दिवा लावला, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी खुर्ची आईच्या पुढ्यात ओढली आणि कादंबरीचं पहिलं पान उघडून, ओठ नीट दिसतील असं, सावकाश वाचायला सुरुवात केली.