चौथ्या भागातलं पाणी

कावळा शिवेना.

तीन कावळे समोरच्या भिंतीवर बसून होते. खाली केळीच्या पानावर नलिनीचा पिंड होता. ऊन चढत होतं. मुलुंडच्या त्या घाटावर आणखी दोन दहावे खोळंबले होते. भटजींनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"काहीतरी राहिलंय त्यांचं," ते म्हणाले. "आठवा, बोला. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ."

दशरथला दर्भाचा कावळा नको होता. एकतीस वर्षं संसार करून बायकोला काय हवं होतं ते नवऱ्याला सांगता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

धाकटा भाऊ नंदकिशोर पुढे झाला. "वहिनी, अक्षताच्या लग्नाची काळजी करू नका. आम्ही आहोत."

"काका, आईला ती घाई नव्हती. तुम्हालाच आहे," अक्षता म्हणाली. कावळ्यांचंही तेच मत दिसलं. मग ती स्वतः हात जोडून उभी राहिली. "आई, बोटीच्या गेमचा सातवा भाग डिसेंबरात येतोय. मी आणते. शेवटपर्यंत खेळते."

भटजींनी दशरथकडे पाहिलं. दशरथने मान हलवली. बरोबर होतं ते.

अक्षता नववीत असताना तिला कांजिण्या आल्या. टीव्हीवरचा तिचा गेम अर्धवट राहिला. एक नावाडी हरवलेली बेटं शोधत फिरतो, असा गेम. "तुझं अडलंय तेवढं पुढे नेऊन ठेवते," म्हणून नलिनीने रिमोट हातात घेतला तो घेतलाच. चौदा वर्षांत सहा भाग झाले. कुठला भाग भारी यावरून मायलेकींची रोज जुंपायची, भाजी निवडतानासुद्धा. नलिनी म्हणायची, तिसरा. त्यात डोकं लागतं. अक्षता म्हणायची, पाचवा. त्यात लांब डोंगर दिसला की खरंच चढून जाता येतं. दशरथ मागे खुर्चीत पेपर घेऊन बसायचा. मधेच नलिनी मान न वळवता विचारायची, "अहो, बघताय ना?"

"हं," तो म्हणायचा.

कावळे जागचे हलले नाहीत. अक्षता पानाजवळ वाकली. "बरं बाई, तिसराच भारी. मी हरले. आता ये ना गं."

चौदा वर्षांत ती एकदाही हरली नव्हती. एक कावळा भिंतीवरून उठला आणि आणखी लांब जाऊन बसला.

आता दशरथ उरला होता. त्याच्याकडे एक गोष्ट होती. आठव्या दिवशी घरात कुणी नसताना त्याने गेम लावून पाहिला होता. प्रत्येक भागाच्या नावापुढे खेळलेले तास दिसत होते. तिसऱ्यापुढे नव्वद. पाचव्यापुढे एकशे दहा. चौथ्यापुढे चारशे बारा.

चौथ्याचं नाव भांडणात कधी निघालंच नव्हतं. पण दशरथला नवल वाटलं नाही. चौथ्यात ते पाणी होतं. त्या भागात मारामारी जवळपास नाहीच. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला बोटीला वीस-वीस मिनिटं लागतात. सकाळी पाणी राखाडी असतं, किनाऱ्याजवळ हिरवं होतं आणि वारा फिरला की बघता बघता काळं पडतं. दशरथने चौदाव्या वर्षी देवगडजवळचं गाव सोडलं. नंतरचं सगळं आयुष्य भांडुपच्या कारखान्यात लेथवर गेलं. ते पाणी पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो श्वास घ्यायचा विसरला होता. उधाणाआधी पाणी असंच फुगतं, हे दूरदेशीच्या कुणा माणसाला कसं कळलं असेल? कुणी मांडलं असेल हे? वन रूम किचनच्या भिंतीवर अख्खा दर्या उभा होता. तो कुणाला काही बोलला नव्हता. या वयात टीव्हीतल्या पाण्याचं काय सांगायचं?

तो पुढे झाला. "नले, तुझा चौथा भाग आहे तसाच ठेवीन. तुझी बोट जिथे आहे तिथेच राहील. कुणाला पुसू देणार नाही."

तो वाट बघत उभा राहिला. कावळे नुसते बघत होते. भटजींनी दर्भाच्या काड्या उचलल्या.

अक्षता त्याच्याजवळ आली. हळूच म्हणाली, "पप्पा, आईला चौथा आवडायचा नाही."

"चारशे बारा तास आहेत, अक्षता."

"माहितेय. सगळ्यात बोअर भाग म्हणायची त्याला. एकदा विचारलं मी, मग सारखा लावतेस कशाला? म्हणाली, तेवढ्या एकाच भागात तुझे पप्पा पेपर खाली ठेवतात."

भटजी दर्भाला गाठ मारत होते.

नलिनीची तर दशरथकडे पाठ असायची. तिने पाहिलं कसं? मग त्याच्या लक्षात आलं. वारा फिरून पाणी काळं पडलं की टीव्हीच्या काचेत मागची खुर्ची दिसायची. चारशे बारा तास ती बोट नेत होती काळ्या पाण्यात, आणि त्यात त्याचा चेहरा बघत होती.

तो पिंडासमोर खाली बसला. घरात तो मुंबईचंच मराठी बोलायचा. आता तोंडून गावचं आलं.

"बघीत होतंय गो, नले. सगळा बघीत होतंय."

भिंतीवर पंख फडफडले. भटजींनी हातातला दर्भ खाली ठेवला.