सहावी टोपली

सिद्रामप्पानं फेकलेली तबकडी पुन्हा डावीकडे वळली आणि सहाव्या टोपलीमागच्या वेड्या बाभळीत शिरली.

"टोपली समोर हाय रे," अण्णाराव म्हणाला. "बाभळीशी सोयरीक जुळवायलास का?"

सिद्रामप्पा हसला नाही. "थांब, आणतो," म्हणत काट्यांत वाकला.

लातूरच्या त्या बागेतली हिरवळ केव्हाच जळून गेली होती. शहराला पाणी रेल्वेनं येत होतं आणि इथल्या कारंज्यात नुसती धूळ होती. उघड्या पडलेल्या मैदानात कुणी नवशिक्यांसाठी साखळ्यांच्या टोपल्या उभ्या केल्या होत्या. खुंटीपासून तबकडी फेकायची, कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. साखळ्या खणकल्या की कीर्तनातल्या टाळांची आठवण व्हायची. दोघं म्हातारे त्या नादापायीच इथं रमले होते.

आज मात्र अण्णारावचं खेळात मन नव्हतं. त्याच्या पिशवीत पाण्याची बाटली होती.

"भाऊजी, कालपासून घोटभर पाणी न्हाई घेतलं त्यांनी," सिद्रामप्पाची बायको गुरम्मा सकाळी दारात म्हणाली होती. "रोज गळ्यातल्या लिंगाची पूजा झाली की मगच तांब्याभर पितात. काल दार लावून पूजेला बसले अन् तसेच उठले. आजबी तसंच. किडनी अधू हाय, डॉक्टर म्हणतो पाणी तोडलं तर जिवावर बेतंल. तुमचं ऐकतील. पाजा कसंबी."

अण्णारावला कारण विचारायची गरज नव्हती. परवा रात्री मठात कीर्तन झालं होतं. शेजाऱ्याची घागर पालथी असताना आपल्या घशाखाली घोट उतरतो तरी कसा, असं महाराजांनी विचारलं आणि सिद्रामप्पाच्या डोळ्यांना धार लागली. ऐकलेलं अंगाला लावून घेणारा माणूस. दुष्काळाचं व्रतच धरलं असणार.

सिद्रामप्पा हात झटकत परत आला. एवढ्या उन्हातही सदऱ्याची वरची गुंडी लावलेली होती. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"पाणी घे."

"नको."

"कीर्तन मीबी ऐकलं. म्हाराज मरा म्हणाले न्हाईत."

"म्हाराजांचं काय त्यात?" सिद्रामप्पा खुंटीपाशी गेला. "एक फेक टाकू दे."

तबकडी निघाली, वळली, बाभळीकडेच गेली. तो तिच्यामागे जवळजवळ धावला.

"अरे, राहू दे. परवा सकाळी माझी तबकडी काढायला हितं तूच पोटावर सरपटलास. आज मी काढतो," म्हणत अण्णाराव मागोमाग गेला आणि थबकला.

तबकडी बाहेरच पडली होती, मोकळ्या मातीत. सिद्रामप्पा तिला ओलांडून पार आत घुसला होता.

"ही काय हितं! आंधळा झालास का?"

आत काटक्या मोडल्या. अण्णाराव गुडघ्यांवर बसून वाकला, तेव्हा ओरबाडलेला, रक्ताळलेला एक हात बाहेर आला. मूठ घट्ट मिटलेली होती आणि बोटांतून तुटका दोरा लोंबत होता.

सिद्रामप्पा तिथंच धुळीत मांडी घालून बसला. मूठ उघडून लिंगाची चांदीची डबी त्यानं डोळ्यांना लावली. लिंग डाव्या तळहातावर घेऊन कितीतरी वेळ डोळे मिटून राहिला.

मग उजवा हात पुढं करून म्हणाला, "आता दे पाणी."