पूजेतली पुस्तकं

गंगेतल्या डॉल्फिनवरचा प्रकल्प सहावीच्या अख्ख्या वर्गाने मोबाइलवरून उतरवला होता, तोही नौकाविहाराच्या जाहिरातीसकट! नव्या ग्रंथपाल मालविकाबाई तणतणतच मुख्याध्यापकांकडे गेल्या. शाळेत डॉल्फिनवरचं चांगलं पुस्तक होतं, पण वसंत पंचमीला सरस्वतीपुढे पूजेत मांडलेली सगळी पुस्तकं तेव्हापासून कपाटात बंद होती.

"अरे मॅडम, बच्चे गंदी कर देंगे," मुख्याध्यापक म्हणाले. "इन्स्पेक्शन में नई दिखनी चाहिए."

बाईंनी किल्ली जवळजवळ हिसकावूनच घेतली. कपाट उघडलं, पुस्तकांवरचे वाळलेले झेंडू झटकले आणि डॉल्फिनचं पुस्तक सहावीतल्या कस्तुरीच्या हातात कोंबलं.

"घे! आता यातून शोधून लिही."

कस्तुरीने बूट काढले, पुस्तक कपाळाला लावलं आणि हळूच परत कपाटात ठेवून दिलं.