एसीवरचं लुगडं

एसी दुरुस्त करायला आलेल्या अन्सारनं झाकण उचललं आणि तो स्टुलावर तसाच थांबला. आतल्या नळ्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पांढऱ्या बर्फाचा जाड थर बसला होता, आणि त्यातून थेंब थेंब पाणी खालच्या घमेल्यात टपकत होतं.

“कसा बर्फ धरलाय बघा!” वैष्णवी खालून म्हणाली. “मशीन झकास चालू हाय. तेवढं पाणी बंद करा, भाऊ. सकाळी आत्याबाईच्या उशीवर पडून राहिलं होतं. खाट सरकवली मी.”

आत्याबाई म्हणजे तिची सासू, जिवनबाई. भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मागच्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं होतं. मरणाच्या दारातून परत आल्या. यांना गारव्यातच ठेवा, दुसऱ्यांदा सोसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. म्हणून बालाजीनं, वैष्णवीच्या नवऱ्यानं, आईसाठी हा एसी बसवला. आज तो हळद घेऊन हिंगोलीला गेला होता, आईला बायकोच्या हवाली करून.

वैष्णवीनं सासूला जपलंही लेकरासारखं. गारवा पळू नये म्हणून दार ओढून घेतलं, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. घराला लागूनच हळद पॉलिश करायचा ढोल. तो दिवसभर घरघरायचा. पिवळी धूळ उंबऱ्यावर बसायची, तुळशीवर बसायची, परातीतल्या पिठावर बसायची. त्या धुळीनं म्हातारीला उबळ यायची, खोकून खोकून जीव कासावीस व्हायचा.

अन्सारनं हात वर नेला. मशीनच्या माथ्यावर, हवा आत ओढणाऱ्या जाळीवर, मऊ सुती कापड घट्ट बांधलेलं होतं. घडीघडीत हळद.

“हे कोनी बांधलं, वैनी?”

“मीच की, परवा. आत्याबाईचंच जुनं लुगडं हाय. दुहेरी घातलंय. एक कण आत जायचा न्हाई.” सांगताना तिचा चेहरा जरा उजळला.

“वैनी, बर्फ म्हंजे मशीनची तकलीफ हाय.” अन्सार गाठ सोडत म्हणाला. “मशीन काही थंडी बनवत न्हाई. खोलीतली गरम हवा नळ्यांवरून जाते, नळ्या तिची गरमी उचलतात, अन् बाहेरचा डबा ती फेकून देतो. गॅस कमी झाला तरी बर्फ धरतो, पन हितं तुमी हवेचा रस्ताच बांधून टाकला. नळ्या आपल्याच थंडीनं गोठल्या. उकाडा ऱ्हायला खोलीतच.” त्यानं बाहीनं मान पुसली. “केवढं उकडून राहिलंय! तुमाला समजलं न्हाई?”

वैष्णवी आत्ताच चुलीपुढून उठून आली होती. तिची पाठ घामानं भिजली होती. बाहेरच्या फुफाट्यातून आलं की ही अंधारी खोली तिला गारच वाटायची.

“माझं राहू द्या,” ती म्हणाली. “मी चुलीजवळची. आत्याबाईला बघा ना. कपाळाला घामाचा थेंब न्हाई. काल दिवसभर तळमळत होत्या. आज दुपारपासून कशा शांत निजल्यात.”

अन्सारचा हात गाठीवरच थांबला.

“त्यांना हात लावून पाहा, वैनी.”

“काहून?”

“ऊन लागलं की घामच आटतो,” म्हणत तो स्टुलावरून खाली उतरला. बाहेर ढोल घरघरत होता.

वैष्णवीनं सासूच्या कपाळावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागं घेतला. कपाळ तव्यासारखं तापलेलं होतं. कोरडं ठक्क. तिनं घमेल्यातल्या बर्फाच्या पाण्यात पदर बुडवला, धावत आली, “आत्याबाई! ओ आत्याबाई!” म्हणत खांदा धरून त्यांना आपल्याकडे वळवलं.

छाती हलत नव्हती. ओठ उघडे होते, आणि त्यांवर हळदीचा एक कणही बसलेला नव्हता.