चोचीवरची रेघ

माझ्या संग्रहातले मातीचे प्राचीन दिवे सगळे गोविंदने आणून दिलेले. अंबडच्या कंपनीत आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर उमेदीची वर्षं काढली, तेव्हापासूनची मैत्री. सिन्नरकडच्या एका टेकाडात सापडतात, म्हणायचा. प्रत्येक दिव्याच्या चोचीवर अंगठ्याचा ठसा, आणि ठशात एक तिरकी रेघ.

"दोन हजार वर्षांपूर्वीचा कुंभार! बिचाऱ्याचा अंगठा चिरलेला असणार," घरी येईल त्याला मी सांगायचो. गोविंद शेजारी उभा राहून मान डोलवायचा. कधी एकटा असलो की त्या ठशात मी माझा अंगठा ठेवून बघायचो. अंगावर काटा यायचा.

काल दिव्यांची अवस. आमच्याकडे कणकेचे गोड दिवे करतात, पण हिची कंबर धरलेली. गोविंद आलाच होता.

"वहिनी, तुम्ही बसा हो. मी करतो," म्हणत त्याने कणीक मळली, भराभर दिवे वळले आणि उकडायला ठेवले.

जेवायला बसलो. तुपाची वाटी घेतली आणि माझा हात तिथेच थांबला.

"काय रे, जमलेत ना?" गोविंदने हसून विचारलं.



ताटातल्या प्रत्येक दिव्याच्या चोचीवर तीच तिरकी रेघ होती.